डोळा सापडला नाही

साईनाथने गावातल्या चारशे अकरा माणसांची ओळख सरकारला पटवून दिली होती. राहिली होती फक्त त्याची आई.

यात त्याचा आळस नव्हता. उलट सज्जनपणा होता, आणि पुढचं सगळं त्या सज्जनपणानेच केलं. महिपतशेठच्या रेशन दुकानात साईनाथ यंत्र चालवायचा. माणसाने यंत्रावर अंगठा ठेवायचा, यंत्राने त्याला ओळखायचं, की कार्डावरचं त्याचं नाव पक्कं. मुदतीत ज्याचं पक्कं होणार नाही त्याचं नाव कटणार, असा कागद दुकानाच्या दारावर दोन महिने लावलेला होता. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या साखरेच्या वेळी साईनाथने घरची पिशवी आधी भरली, असं कोणीतरी बोललं होतं. पिशवी आधी भरली नव्हती, फक्त आधी उचलली होती, पण एवढा बारीक फरक लोकांना समजावत कोण बसणार? तेव्हापासून त्याने नियम केला, आपलं घर शेवटी. स्वतःचा आणि बायकोचा अंगठा त्याने एका दुपारी, दुकानात कोणी नसताना, चोरी केल्यासारखा लावून घेतला. आईचा लागेना.

शकूबाईच्या अंगठ्यावर रेषाच नव्हत्या. चाळीस वर्षं आवण, म्हणजे लावणीची भाताची रोपं, उपटून, राखेने भांडी घासून आणि तव्यावरची भाकरी बोटांनीच उलटून अंगठा गुळगुळीत झाला होता. यंत्रातली बाई हिंदीत म्हणायची, उंगली रखिए. शकूबाई म्हणायची, ठेवलीय की. असं बराच वेळ चालायचं. दोघीही आपापल्या जागी बरोबर होत्या.

अंगठे झिजलेल्यांसाठी डोळ्याचं यंत्र होतं. ते डोळ्यात बघून माणूस ओळखायचं. पण अकरा गावांत मिळून ते एकच होतं, आणि मुरबाडहून शहापूरला जाणाऱ्या रस्त्यावरच्या, किन्हवलीच्या अलीकडच्या या गावाला त्याचे शेवटचे दोन दिवस मिळाले होते. पहिल्या दिवशी साईनाथने गावातली बाकीची झिजलेली माणसं उरकली. आईला म्हणाला, तुझं उद्या करू, घरचंच तर आहे.

शकूबाईला घाई नव्हती, पण काळजी होती. तांदळाची नव्हे, तांदूळ घरचा होता. काळजी नावाची होती. सातबाऱ्यावर आधी सासऱ्याचं नाव होतं, मग नवऱ्याचं, आता साईनाथचं. विजेचं बिल अजून तिच्या वारलेल्या नवऱ्याच्या नावाने यायचं आणि तो ते भरतही होता, असं कागदावरून दिसायचं. जगात एकच कागद असा होता ज्यावर शकूबाई सगळ्यात वर होती. रेशनकार्डावर घरातली थोरली बाई कुटुंबप्रमुख असते, आणि तिच्या खाली मुलगा, सून असे सगळे ओळीने उभे असतात. कार्ड तिने प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून लुगड्यांच्या घडीत ठेवलं होतं. पाहुणे आले की ती कधी कधी काहीच कारण नसताना ते बाहेर काढायची.

आता सुनेकडे वळू. प्रियांका शहापूरला नम्रता मॅडमच्या पार्लरमध्ये तीन महिन्यांचा कोर्स करत होती. भुवया झाल्या, केस झाले, नवरीचा मेकअप झाला, शेवटचा विषय होता खोट्या पापण्या. त्याची परीक्षा नेमकी मुदतीच्या आदल्या दिवशी आली. परीक्षेला ज्याच्या पापण्यांवर काम करायचं ते माणूस आपलं आपण आणायचं होतं. प्रियांकाने मामेबहिणीला, भूमिकाला, पटवून ठेवलं होतं, तर परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी भूमिकाचे डोळे आले. शेजारणींना विचारलं. एकीला शेतावर जायचं होतं, एकीच्या नवऱ्याला चालणार नव्हतं, एकीने नुसतं दार लावून घेतलं. प्रियांका चुलीशी रडत बसली तेव्हा शकूबाई म्हणाली, "माझ्या डोळ्यांना काय धाड भरलीय? मला ने."

साईनाथनेच दोघींना सकाळच्या एसटीत बसवलं. त्याला वाटलं होतं, टिकलीसारखं असेल. लावायचं, आणि घरी आल्यावर काढून आरशाला चिकटवायचं.

नम्रता मॅडमचा नियम साधा होता. आपल्या एका पापणीवर खोटी एकच, तीही हलकी. जास्त भार टाकला की मूळ पापणी वाकते, मग मुळातून सुटते, आणि परत यायला दोनेक महिने घेते. म्हातारपणी तर येईलच असं सांगता येत नाही. प्रियांकाने हे वहीत लिहून घेतलं होतं, खाली लाल रेघही मारली होती. पण शकूबाईच्या मुळातच पापण्या विरळ. वहीप्रमाणे काम केलं असतं तर फोटोत काही दिसलंच नसतं, आणि मार्क फोटोवर होते. म्हणून मॅडम दुसऱ्या मुलीकडे वळल्या की प्रियांका एका केसावर पाच-पाचचा झुबका बसवत गेली. अडीच तास शकूबाई डोळे मिटून पडून होती. दोनदा घोरलीही.

फोटो असा काही आला की मॅडमनी तो पार्लरच्या काचेवर लावायचं ठरवलं. प्रियांका पहिली आली.

शकूबाईला पापण्या आवडल्या. एसटीच्या काचेत ती किन्हवलीपर्यंत स्वतःला बघत आली. घरी आल्यावर म्हणाली, डोळ्यांना पडवी काढल्यासारखं वाटतंय, ऊन आत येत नाय. रात्री तिला चुलीजवळ जाऊ दिलं नाही, कारण चोवीस तास वाफ, पाणी, तेल काही लागू द्यायचं नव्हतं. सुनेने भाकऱ्या भाजल्या आणि सासू लांब खुर्चीत बसून पापण्या मिटत-उघडत होती. घरात इतकी वर्षं ती पहिल्यांदाच नुसती बसली होती. साईनाथने तिच्याकडे बघितलं आणि त्याला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं, पण काय ते कळलं नाही. ते सकाळी दहाला कळलं.

सकाळी दहाला शकूबाई पिशवीतून कार्ड घेऊन दुकानात आली. साईनाथने यंत्र तिच्या डोळ्यांसमोर धरलं. आतली बाई म्हणाली, आँखें पूरी खोलिए.

"उघडीच हायत," शकूबाई म्हणाली.

पडद्यावर लाल अक्षरं आली. डोळा सापडला नाही.

पुन्हा धरलं. डोळा सापडला नाही. उजवा, डावा, खिडकीपाशी, दाराबाहेर, गोणीवर बसून, उभं राहून. महिपतशेठ काट्यामागून उठून आले, पडदा वाचला आणि म्हणाले, "सापडत नाय म्हणतंय, तर शोध. कुठं जातोय तोंडावरून?" साईनाथने वाकून आईच्या डोळ्यात बघितलं. डोळा होता. फक्त त्याच्यावर छप्पर होतं. पाच-पाचच्या झुबक्यांच्या भाराने वरच्या पापण्या अर्ध्यावर उतरल्या होत्या आणि त्यातून बुबुळ, गवतातून म्हैस दिसावी तितपत दिसत होतं.

तोवर दुकानात माणसं जमली होती. कोणालाच काही घ्यायचं नव्हतं. शेजारचा भगीरथ, ज्याच्या डोळ्यात मोतीबिंदू असूनही काल यंत्राने त्याला एका झटक्यात ओळखलं होतं, तो कालपासून जरा जास्तच ताठ झाला होता. तो म्हणाला, "शकूवैनी, पापण्या हायत का सूप? वारा घालून बघा, भात पाखडून व्हईल." शकूबाईने त्याच्याकडे एकदा पापण्या उघडझाप करून बघितलं. भगीरथ गप्प झाला. एवढी ताकद त्या पापण्यांत नक्की होती.

प्रियांकाला बोलावून आणलं. तिने बोटांनी पापण्या वर धरल्या, तर यंत्राला बोटं दिसली. तिने पार्लरची पारदर्शक पट्टी लावून पापणी भुवईला चिकटवली, तर यंत्राला पट्टीची चमक दिसली. साईनाथने कंगव्याने झुबके वर उचलून धरले, तेव्हा यंत्र बराच वेळ गप्प राहिलं, सगळ्यांना आशा वाटली, आणि मग ते म्हणालं की बॅटरी संपत आली आहे.

बॅटरी चार्ज होईपर्यंत प्रियांकाने नम्रता मॅडमना फोन लावला. स्पीकरवर ठेवला, त्यामुळे अख्ख्या दुकानाने शिकवणी ऐकली. मॅडम वाशिंदला एका नवरीकडे होत्या, गोंद सोडवायचं औषध त्यांच्याच बॅगेत होतं आणि शहापूरला त्या रात्री पोचणार होत्या. तेल लावलं तर गोंद सुटतो, पण हळूहळू, रात्रभर लागेल. एवढं सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं, एकावर किती लावलेत? प्रियांकाने हळूच सांगितलं, पाच-पाच. मॅडम म्हणाल्या, "काही झालं तरी ओढू नका. ओढलंत तर त्यांच्या स्वतःच्या मुळासकट येतील. ऐकताय ना?"

सगळे म्हणाले, ऐकतोय.

यंत्र घेऊन जाणारा माणूस सहाला येणार होता. आता दुपारचे दीड.

मग कोणीतरी म्हणालं, कापा. हे आधी कोणाला सुचलं नव्हतं याचं सगळ्यांना आश्चर्य वाटलं. दुकानात गोणीची शिवण कापायची कात्री होती, ती बघून शकूबाई दोन पावलं मागे सरली. प्रियांकाने घरून तिची बारीक कात्री आणली आणि सासूला गोणीवर बसवून, श्वास रोखून, एकेक झुबका कापत गेली. लांबी गेली, पण मुळाशी गोंदाच्या गाठी राहिल्या, काळ्या, मोहरीएवढ्या. आणि कापलेले तुकडे पडणार कुठे? जे डोळ्यांच्या बाहेर पडायचे ते बाहेर पडले, जे आत पडायचे ते आत.

शकूबाईचे डोळे लाल झाले. पाण्याने धुवायला गेली तर गाठी आणखी टोचायला लागल्या. साईनाथने यंत्र धरलं, ती डोळा उघडायला गेली आणि तो आपोआप मिटला. डोळा सापडला नाही. प्रियांका रडायला लागली. महिपतशेठ समजुतीने म्हणाले, एवढं मनाला लावून घ्यायचं कारण नाही, नाव कटलं तरी तांदूळ थांबणार नाही.

"सुनेचं नाव वर घेऊ," ते म्हणाले, "पाच मिनिटांचं काम हाय."

हे वाईट मनाने बोललेलं नव्हतं. खरंच पाच मिनिटांचं काम होतं. प्रियांका रडता रडता थांबली आणि म्हणाली, "नको. आत्यांचंच राहू द्या." पण शकूबाई तोवर उठून दुकानाच्या मागच्या पायरीवर जाऊन बसली होती.

साईनाथ मागे गेला तेव्हा ती कामाला लागली होती. डाव्या हाताने पापणी ताणून धरलेली, उजव्या हाताचा तो बिनरेषांचा अंगठा आणि बोट गाठीवर, आणि एक झटका. आवण उपटताना करतात तसाच, मनगटातून. उपटलेलं ती पायरीवर ओळीने ठेवत होती. प्रत्येक झुबक्याच्या बुडाशी तिचा स्वतःचा एक केस होता, पांढरट, लहानसा, मुळासकट.

"आये, मॅडम नको म्हणाल्या."

"त्यांचं नाव हाय त्यांच्या कार्डावर," शकूबाई म्हणाली. "तू आत जा."

तिचा हात धरायचा की नाही, हे त्याला ठरवता येईना. धरला तर नाव जाणार, सोडला तर पापण्या. यंत्र चालवणाऱ्या माणसाला निर्णय घ्यायची सवय नसते, तो फक्त बटण दाबतो. तो आत गेला नाही आणि पुढेही गेला नाही. दारात उभं राहून त्याने उजवा डोळा संपून डावा सुरू झालेला बघितला. अर्ध्या तासात काम झालं. आई अशा कामात चलाख होतीच, सकाळी उतरली की दुपारपर्यंत अख्खा वाफा रिकामा करायची.

महिपतशेठनी ते सगळे झुबके गोळा करून, का कोणास ठाऊक, काट्यावर ठेवले. काट्याने शून्य दाखवलं.

शकूबाई आत येऊन गोणीवर बसली. पापण्यांच्या कडा लाल, सुजलेल्या, आणि त्यांवर आता काहीच नव्हतं, ना खोटं ना खरं. डोळा पूर्ण उघडा होता. इतका उघडा डोळा साईनाथने कोणाचाच बघितला नव्हता, कोंबडीचा सोडून. त्याने यंत्र धरलं आणि डोळ्यातून पाणी वाहायला लागलं. पुसलं, पुन्हा धरलं, पुन्हा पाणी. पाऊण तासात एकतीस वेळा. यंत्र आता डोळा सापडला नाही असं म्हणत नव्हतं, एवढी प्रगती होती. ते म्हणत होतं, चित्र अस्पष्ट आहे.

सहाला माणूस आला आणि यंत्र पेटीत घालून मोटारसायकलवर घेऊन गेला.

सव्वासहाला महिपतशेठच्या फोनवर निरोप आला की मुदत एका महिन्याने वाढवली आहे.

शकूबाईने पदराने डोळे टिपत सुनेला विचारलं, "पापण्या किती दिवसांत परत येतात म्हणाल्या होत्या तुझ्या मॅडम?"

"दोन महिने," प्रियांका म्हणाली. "आल्या तर."

शकूबाईने महिन्यातून दोन महिने वजा करून बघितले, आणि ती घरी गेली.

पुढचे दिवस घरात औषधपाण्याचे गेले. नम्रता मॅडमनी सांगितलं, डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवा. कल्याणच्या डॉक्टरांनी मलम दिलं, काळा चष्मा दिला आणि धुळीपासून जपा म्हणाले. हे त्यांनी भातझोडणीच्या तोंडावर सांगितलं. अख्खं गाव तूस उडवत होतं, आणि पापणी नसलेल्या डोळ्याला तूस आणि निमंत्रण यांतला फरक कळत नाही, जे येईल ते आत. शकूबाई काळा चष्मा लावून ओटीवर बसायची आणि चष्म्याखालून पाणी गळायचं. येणाऱ्या-जाणाऱ्या बाया थांबून विचारायच्या, कोण गेलं? प्रियांका रोज सकाळी सासूला खिडकीपाशी नेऊन पापण्यांची कड बघायची. एकदा डाव्या कोपऱ्यात तीन केस आलेले दिसले. तिने साईनाथला फोन करून दुकानातून बोलावून घेतलं आणि दोघं वाकून ते तीन केस बघत राहिले. पार्लरच्या काचेवरचा फोटो तिने मॅडमना सांगून उतरवायला लावला. प्रमाणपत्र आलं, ते तिने कोणाला दाखवलं नाही.

वाढीव मुदतीच्या शेवटच्या दिवशी यंत्र पुन्हा गावात आलं. या वेळी साईनाथने आईला रांगेत पहिलं बसवलं. लोक काय म्हणतील ते म्हणोत, असं त्याने मनात म्हटलं, तर कोणीच काही म्हटलं नाही. पंखा बंद केला. दार लोटलं. महिपतशेठनी गोण्या हलवायचं काम थांबवलं. प्रियांका मऊ फडकं घेऊन शेजारी उभी राहिली. टिपायचं, धरायचं, टिपायचं, धरायचं.

"आये, रडू नको गो. थोडा वेळ."

"मी नाय रडत रे. तू तुझं काम कर."

त्याला कळेना खरं काय. यंत्रालाही कळेना. संध्याकाळपर्यंत मध्ये मध्ये, मुदत वाढल्याचं ऐकून बाहेरगावाहून आलेली नऊ माणसं उरकली, आणि प्रत्येक वेळी शकूबाई उठून शेजारच्या गोणीवर बसायची, डोळे सुकायची वाट बघायची, मग पुन्हा पुढे यायची. सहाला माणूस पेटी घेऊन आला.

यंत्र परत देण्याआधी साईनाथला दिवसाचा हिशेब यंत्रात बंद करावा लागायचा. ओळख पटलेले नऊ, राहिलेला एक. राहिलेल्याचं नाव कशामुळे कटलं, ते कारण निवडल्याशिवाय यंत्र बंद होत नव्हतं. कारणं तीनच होती. मयत. गाव सोडले. विवाह होऊन गेली. पापण्यांचं काही नव्हतं. त्याने खाली सरकवून बघितलं, वर सरकवून बघितलं. पेटीवाला माणूस हातातलं घड्याळ बघत दारात उभा होता.

"काय विचारतंय?" शकूबाईने विचारलं.

त्याने तिन्ही वाचून दाखवली.

तिने फडक्याने डोळे टिपले आणि विचार केला. "मेले नाय. गेले नाय कुठं," ती म्हणाली. "लग्न झालेलं खरं हाय. बेचाळीस वर्षं झाली. ते दाब."

साईनाथने ते दाबलं. यंत्राने पुढचा प्रश्न विचारला, कोणत्या गावी. त्याने आपल्या गावाचं नाव घातलं. यंत्र म्हणालं, दुसरे गाव निवडा.

"दुसरं मागतंय आये."

शकूबाईला दुसरं गाव एकच होतं, डोळखांबच्या पलीकडचं तिचं माहेर. भाऊ वारल्यापासून तिथं आठ वर्षांत ती गेली नव्हती आणि घराला कुलूप होतं. तिने नाव सांगितलं. साईनाथने यादीत ते शोधलं, सापडलं, आणि बोट त्यावर ठेवून तो तसाच उभा राहिला.

"दाब," ती म्हणाली. "माणूस कवाचा उभा हाय."